सहा आकड्यांचा स्तंभालेख

पुस्तकांच्या अक्षरजुळणीसाठी डॉनल्ड कनूथ यांनी 'टेक' ही संगणकप्रणाली लिहिली, तेव्हा तिला चित्र काढायला शिकवलं नव्हतं. अक्षरं आणि अक्षरांमधली मोकळी जागा एवढाच तिचा संसार. त्याखेरीज तिला एकच गोष्ट काढता येई : काळा भरीव आयत. अपूर्णांकातली आडवी रेघ, कोष्टकातल्या उभ्या रेघा, तळटिपेच्या वरची रेघ ही सगळी त्याच आयताची बारीक रूपं. वर्तुळ नाही, वक्र नाही, साधी तिरकी रेघसुद्धा नाही. म्हणजे शाळेत शिकवल्या जाणाऱ्या सगळ्या आलेखांपैकी मूळ टेकला कोणाच्याही मदतीवाचून काढता आला असता असा एकच : स्तंभालेख.

पुढे टेकवर 'लेटेक' उभी राहिली आणि लेटेकमध्ये आलेख काढण्यासाठी 'पीजीएफप्लॉट्स' हे पॅकेज आलं. प्रबंध, शोधनिबंध, गणित-विज्ञानाची पुस्तकं यांतले कितीतरी स्तंभालेख आज त्यातून निघतात. स्प्रेडशीटमधला आलेख माउसने ओढूनताणून हवा तसा करता येतो. पण काय ओढलं आणि का, याची नोंद मागे राहत नाही. लेटेकमध्ये प्रत्येक इच्छा लिहावी लागते : स्तंभ इतका रुंद, पाया इथे, आकडा असा. आपण जे लिहीत नाही ते पॅकेज लिहिणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. त्यामुळे इथे आलेख सजवायला बसलेला माणूस खरं तर दुसऱ्याने घेतलेले निर्णय तपासायला बसलेला असतो.

उदाहरणासाठी सहा आकडे घेऊ. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झालं. त्यानंतरच्या पहिल्या जनगणनेत, १९६१ मध्ये, राज्याची लोकसंख्या भरली ३,९५,५३,७१८. पुढच्या चार जनगणनांत ती अनुक्रमे ५.०४, ६.२८, ७.८९ आणि ९.६९ कोटी झाली. २०११ मध्ये ती ११,२३,७४,३३३ होती. सहा जनगणना, सहा स्तंभ. (पुढे कमांडींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टंकताना ती रोमन लिपीत लिहायची.)

पानाचं माप आणि माणसांची संख्या

१९७७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवणाऱ्या कनूथ यांच्या हाती 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या स्वतःच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची मुद्रितं आली. नवी आवृत्ती निघत होती. पहिली आवृत्ती शिशाच्या खिळ्यांवर जुळवलेली होती. आता फोटोटाइपसेटिंग आलं होतं आणि त्यातली पानं त्यांना बघवेनात. त्यातून टेकचा जन्म झाला. १९८०च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर लेटेक रचली आणि प्रकरण, तक्ता, आकृती, सूची यांसाठी साध्या कमांडी दिल्या. त्याच सुमारास बेल लॅबोरेटरीजमध्ये जॉन बेंटली आणि ब्रायन कर्निघॅन यांनी 'ट्रॉफ' या दुसऱ्या अक्षरजुळणी प्रणालीसाठी 'ग्रॅप' नावाची आलेखांची भाषा केली. आलेख चित्रकाराकडून काढून पानावर चिकटवण्याऐवजी मजकुरासारखा लिहावा, ही कल्पना तेव्हापासूनची.

लेटेकला सफाईदार रेखाटन मिळालं ते जर्मनीतल्या टिल टांटाउ यांच्यामुळे. त्यांनी आपल्या पीएचडीच्या प्रबंधातल्या आकृत्यांसाठी एक छोटी फाइल लिहिली होती. तिचंच पुढे 'पीजीएफ' आणि 'टिक्झ' हे मोठं प्रकरण झालं. ख्रिश्चन फॉयरझेंगर यांनी त्याच पायावर पीजीएफप्लॉट्स बांधलं.

ते बांधताना एक अडचण आडवी आली, आणि आपले सहा आकडे नेमके तिच्यावरच आदळतात. टेक सगळी मापं पूर्णांकांत ठेवते. एका इंचात ७२.२७ पॉइंट, आणि एका पॉइंटाचे ६५,५३६ भाग. पूर्णांकांमुळे कोणत्याही संगणकावर पान अगदी तसंच उतरतं, ओळ तिथेच तुटते. पण या पद्धतीत सर्वांत मोठं माप १६,३८४ पॉइंटांच्या किंचित आत संपतं. ही लांबी सुमारे पावणेसहा मीटर. एवढा कागद कोण छापतो? पानासाठी ही मर्यादा अडचणीची नाही. माणसं मोजायला निघालो की मात्र १६,३८४ ही लहानशा शहराची वस्ती झाली. पावणेचार कोटींच्या वरचा आकडा टेकच्या हिशेबात थेट घातला, तर 'डायमेन्शन टू लार्ज' अशी तक्रार येते. पीजीएफप्लॉट्स यातून वाट काढतं ती अशी : आकडा एक दशांश संख्या आणि दहाचा घात अशा जोडीने वाचायचा, सगळं गणित त्याच रूपात करायचं, आणि अखेरीस पानावरच्या लांबीत उतरेल एवढंच टेकच्या हाती द्यायचं. आपण नुसता आकडा टंकतो. मागे हा सगळा व्यवहार चालतो.

काहीही न सांगता निघालेली पहिली प्रत

'ॲक्सिस' या चौकटीला 'वायबार' एवढा एकच शब्द दिला आणि 'ॲडप्लॉट'च्या पुढे सहा जोड्या लिहिल्या की स्तंभालेख निघतो. निघतो, पण वाचवत नाही.

पहिला खटका वर्षांचा. आडव्या अक्षाखाली १९६० च्या जागी '१,९६०' असं छापून येतं. पॅकेजच्या दृष्टीने वर्ष हीसुद्धा एक संख्याच. आणि हजाराच्या वरच्या संख्येत स्वल्पविराम घालायचा, हा त्याचा नियम. उपाय एका ओळीचा : आडव्या अक्षाच्या लेबलांसाठी हजाराचं चिन्ह रिकामं ठेवा. शिवाय पॅकेज स्वतःच्या सोयीने १९६०, १९७०, १९८० अशा खुणा पाडतं, पण आपली जनगणना एकाने संपणाऱ्या वर्षाची. 'एक्सटिक'ला 'डेटा' असं सांगितलं की खुणा आकड्यांच्या खालीच पडतात.

दुसरा खटका उभ्या अक्षाचा. तिथे ४ पासून १२ पर्यंतचे सुटसुटीत आकडे नसतात, असतात ०.४, ०.६, ०.८, १, आणि कोपऱ्यात 'गुणिले दहाचा आठवा घात'. मोठ्या संख्या आटोपशीर छापायची ही पॅकेजची रीत. वैज्ञानिकाला ती चालते. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला दहाचा आठवा घात म्हणजे दहा कोटी हे मनात उलगडावं लागतं. पण पॅकेज तसं लवचीक आहे. 'स्केल्ड वाय टिक्स' या पर्यायाला 'बेस दहा, उणे सात' असं सांगितलं की अक्षावरचे आकडे एक कोटीने भागून येतात, कारण दहाचा सातवा घात म्हणजेच कोटी. कोपऱ्यातल्या घाताच्या जागी 'कोटी' हा शब्द ठेवण्याचीही सोय आहे. लाख हवेत तर उणे पाच. तीन-तीन शून्यांनी वाढणाऱ्या हजार-मिलियन-बिलियनच्या शिडीवर आपले लाख-कोटी बसत नाहीत, पण दहाच्या घातांवर चोख बसतात. संपूर्ण आकडा ११,२३,७४,३३३ असाच छापायचा असेल, तर मात्र पीजीएफची आकडे छापण्याची नेहमीची सोय अपुरी पडते. ती तीन-तीनचेच गट पाडते. 'एसआययुनिटएक्स' या दुसऱ्या पॅकेजच्या तिसऱ्या आवृत्तीत पहिला गट तीनचा आणि पुढचे दोन-दोनचे असं सांगता येतं.

तिसरा खटका स्तंभांच्या रुंदीचा. काही सांगितलं नाही तर आलेखाची एकूण रुंदी २४० पॉइंट धरली जाते, म्हणजे सुमारे साडेआठ सेंटिमीटर. त्यातले ४५ पॉइंट लेबलांसाठी राखलेले. उरलेल्या १९५ पॉइंटांत आपल्या दोन शेजारच्या जनगणनांमध्ये साडेबत्तीस पॉइंटांचं अंतर येतं, आणि स्तंभाची रुंदी असते १० पॉइंट. स्तंभापेक्षा मधली फट दुपटीहून मोठी. डोळा स्तंभांची उंची तोलायची सोडून पांढऱ्या पट्ट्या मोजू लागतो. रुंदी पॉइंटांत वाढवता येते, पण १.७ आवृत्तीपासून आणखी एक चांगली सोय आहे. रुंदी अक्षाच्याच एककात सांगता येते. आपला आडवा अक्ष वर्षांचा, तेव्हा 'बार विड्थ' ७ म्हटलं की स्तंभ सात वर्षं रुंद आणि फट तीन वर्षांची. आलेख पुढे पानभर मोठा केला किंवा पानाच्या एका रकान्यात बसवला, तरी हे प्रमाण तसंच राहतं.

हे तिन्ही दोष डोळ्यांना खुपतात, त्यामुळे दुरुस्तही होतात. चौथा दोष खुपत नाही.

अकरा पट

स्तंभालेखातला स्तंभ उंचीने बोलतो. दुप्पट उंच स्तंभ म्हणजे दुप्पट संख्या, हा करार वाचकाने मनाशी केलेला असतो. तो पाळला जाण्यासाठी स्तंभाचा पाया शून्यावर असावा लागतो. पीजीएफप्लॉट्स स्तंभ शून्यापासूनच काढतं. पण पानावर दिसणारी खिडकी मात्र ते आकड्यांच्या पल्ल्यावरून ठरवतं. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा घ्यायचा, त्यांच्यातल्या अंतराचा दहा टक्के भाग वर आणि दहा टक्के खाली मोकळा सोडायचा, आणि खिडकीबाहेरचं सगळं कापायचं. रेषालेखासाठी हा नियम चांगला आहे. तिथे वाचक रेषेचा चढ-उतार पाहतो, आणि पल्ला भरून रेषा दिसली तर चढ नीट कळतो. स्तंभालेखाला तोच नियम लागला की स्तंभांचे पाय कापले जातात.

आता हिशेब करू. लहान-मोठ्या आकड्यांतलं अंतर एक मानलं, तर सर्वांत लहान स्तंभाचा दिसणारा भाग ०.१ आणि सर्वांत मोठ्याचा १.१. म्हणजे मोठा स्तंभ लहानाच्या अकरा पट. यात लोकसंख्या कुठेच आली नाही! शून्य त्या खिडकीच्या खाली राहत असेल, तर आकडे कोणतेही घ्या, काहीही न सांगता निघालेल्या आलेखात सर्वांत उंच स्तंभ सर्वांत बुटक्याच्या नेमका अकरा पट दिसणार. महाराष्ट्राची लोकसंख्या १९६१ ते २०११ या काळात प्रत्यक्षात २.८४ पट झाली. चित्रात अकरा पट. फक्त २००१ आणि २०११ हे दोनच स्तंभ काढले, तर खरी वाढ १६ टक्के, आणि चित्रात पुन्हा अकरा पट.

आलेखांचे अमेरिकी अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात अशा फसवणुकीसाठी एक माप सुचवलं. चित्रात दिसणाऱ्या वाढीला आकड्यांतल्या वाढीने भागायचं. उत्तर एकच्या जवळ असेल तर आलेख खरा बोलतो. त्यांना ०.९५ ते १.०५ एवढीच सूट मान्य आहे. आपल्या सहा स्तंभांचं उत्तर येतं सुमारे ५.४, आणि दोन स्तंभांचं ६२.५. कुणी मुद्दाम केलेलं नाही. फक्त 'वायमिन' शून्य ही चार अक्षरांची सूचना लिहायची राहिली. लेटेकमधल्या स्तंभालेखात एकच गोष्ट बदलायला वेळ असेल, तर ती हीच बदलावी. खालचं टोक आपण स्वतः सांगितलं की पॅकेज तिथे दहा टक्क्यांची मोकळी जागाही सोडत नाही. स्तंभ थेट अक्षावर उभे राहतात.

वरच्या बाजूला मात्र मोकळी जागा हवीच, विशेषतः स्तंभांच्या डोक्यावर आकडे लिहायचे असतील तर. 'नोड्स निअर कोऑर्ड्स' या पर्यायाने प्रत्येक स्तंभावर त्याची किंमत आपोआप येते, आणि दशांशानंतर किती अंक हवेत तेही सांगता येतं. जागा अपुरी पडली तर सर्वांत उंच स्तंभावरचा आकडा चौकटीला चिकटतो. तेव्हा फक्त वरची मर्यादा थोडी वाढवायची. आकडे स्तंभांवर आले की उभ्या अक्षावरचे आकडे आणि आडव्या जाळीच्या रेषा यांची गरज बहुधा उरत नाही. तीच माहिती दोनदा छापण्यापेक्षा एक जागा निवडावी. सहा स्तंभ असतील तर डोक्यावरचे आकडे बरे. तीस असतील तर अक्ष बरा.

वर्ष ही संख्या की नुसतं नाव?

पीजीएफप्लॉट्समध्ये आडव्या अक्षावर संख्या ठेवता येतात, तशी नावंही. 'सिम्बॉलिक एक्स कोऑर्ड्स' या पर्यायात नावांची यादी द्यायची, की ती यादीच्या क्रमाने सारख्या अंतरावर उभी राहतात. खरीप-रब्बी-उन्हाळी, किंवा पहिली-दुसरी-तिसरी फेरी यांसाठी हेच योग्य. दोन गोष्टींकडे मात्र लक्ष ठेवावं लागतं. यादीतलं नाव आणि आकड्याशेजारचं नाव अक्षरशः सारखं हवं. एक मात्रा इकडची तिकडे झाली तरी पॅकेज अडून बसतं. आणि 'एक्सटिक'ला 'डेटा' सांगायला विसरलं, तर एकच नाव दोन-दोनदा छापलं जाऊ शकतं, कारण खुणा पाडणारा भाग दोन नावांच्या मध्येही थांबतो.

वर्षं नावांसारखी वापरण्याचा मोह होतो, कारण मग स्वल्पविरामाची कटकट आपोआप जाते. १९६१ ते २०११ पर्यंत त्याने बिघडतही नाही. प्रत्येक पाऊल दहा वर्षांचंच आहे. पण २०२१ची जनगणना वेळेवर झाली नाही, आणि पुढची २०२७ साठी जाहीर झाली आहे. तिचा आकडा सातवा म्हणून यादीत घातला, तर २०११ आणि २०२७ यांच्यात २००१ आणि २०११ एवढंच अंतर दिसेल. सोळा वर्षांची वाढ दहा वर्षांची वाटेल. अक्ष संख्यांचा ठेवला, तर सातवा स्तंभ आपल्या जागी जाऊन उभा राहतो आणि मधली मोठी फट वाचकाला स्वतःहून सांगते की इथे एक जनगणना हुकली.

गाव आणि शहर : शेजारी की एकावर एक

आता आकडे थोडे वाढवू. १९९१ मध्ये महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ४.८४ कोटी आणि शहरी भागात ३.०५ कोटी लोक होते. २००१ मध्ये ५.५८ आणि ४.११, २०११ मध्ये ६.१६ आणि ५.०८ कोटी. हे दाखवायचे दोन मार्ग शाळेच्या पुस्तकात आहेत : जोडस्तंभालेख आणि विभाजित स्तंभालेख. लेटेकमध्ये 'वायबार' लिहून दोन 'ॲडप्लॉट' दिले की स्तंभ आपोआप शेजारीशेजारी सरकतात; 'वायबार स्टॅक्ड' लिहिलं की एकावर एक चढतात. फरक एका शब्दाचा असला तरी वाचकापर्यंत पोचणारी गोष्ट बदलते.

विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅगिल या दोन अमेरिकी संशोधकांनी १९८४ साली प्रयोग करून पाहिलं की आलेखातली कोणती खूण माणसाचा डोळा किती अचूक वाचतो. एकाच पायावर उभ्या असलेल्या गोष्टींची उंची सर्वांत अचूक वाचली जाते. पाया वेगवेगळा असेल आणि नुसत्या लांबीची तुलना करायची असेल, तर चूक वाढते. कोन आणि क्षेत्रफळ यांत ती आणखी वाढते. विभाजित स्तंभात फक्त सर्वांत खालचा भाग समान पायावर असतो. वरचा भाग दर वेळी वेगळ्या उंचीवरून सुरू होतो, आणि त्याची वाढ डोळ्याला नीट तोलता येत नाही.

तेव्हा राज्याची एकूण लोकसंख्या आणि तिची वाटणी सांगायची असेल तर विभाजित आलेख घ्यावा, आणि लेखाचा विषय शहरीकरण असेल तर शहरी आकडे खाली ठेवावेत. क्रम 'ॲडप्लॉट'च्या क्रमावर ठरतो : जो आधी लिहिला तो तळाशी. गाव आणि शहर यांतली दरी कशी कमी होत गेली हे सांगायचं असेल तर जोडस्तंभ चांगले. आणि शहरी वाटा ३८.७ वरून ४२.४ आणि पुढे ४५.२ टक्के झाला एवढंच म्हणायचं असेल, तर टक्के आधी काढून घेऊन शतमान स्तंभालेख करावा; त्यात प्रत्येक स्तंभ शंभरापर्यंतच जातो आणि नजर वाट्यावर राहते.

शेजारी सरकण्याच्या याच सोयीतून एक जुना घोटाळा होतो. सहा स्तंभांपैकी शेवटचा वेगळ्या रंगात हवा असतो. पॅकेजमध्ये रंग 'ॲडप्लॉट'ला मिळतो, म्हणून २०११ साठी दुसरा 'ॲडप्लॉट' लिहिला जातो. मग पॅकेजला वाटतं दोन मालिका आल्या. ते पहिल्या पाच स्तंभांना डावीकडे आणि शेवटच्याला उजवीकडे ढकलतं, आणि एकही स्तंभ आपल्या वर्षावर नीट उभा राहत नाही. 'बार शिफ्ट' शून्य पॉइंट असं लिहिलं की सगळे आपापल्या जागी परततात.

आडवे स्तंभ आणि लांब नावं

छापील स्तंभालेखाचं पहिलं प्रसिद्ध उदाहरण १७८६ सालचं आहे. विल्यम प्लेफेअर यांनी 'कमर्शियल अँड पोलिटिकल ॲटलस'मध्ये स्कॉटलंडची १७ ठिकाणांशी झालेली आयात-निर्यात दाखवली. पुस्तकातले बाकीचे आलेख काळाबरोबर वाहणाऱ्या रेषांचे आहेत. पण स्कॉटलंडचे आकडे त्यांच्याकडे एकाच वर्षाचे होते, त्यामुळे रेषा काढता येईना. त्यांनी प्रत्येक ठिकाणासाठी पट्टे काढले, आणि ते आडवे होते. ठिकाणांची नावं आडवी वाचायची, मग पट्टेही आडवे असणं सोयीचंच.

जिल्ह्यांचा आलेख काढताना तीच सोय उपयोगी पडते. २०११ च्या जनगणनेच्या वेळी महाराष्ट्रात ३५ जिल्हे होते. तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्यात १.११ कोटी लोक, पुण्यात ९४ लाख, मुंबई उपनगरात ९३ लाखांवर, आणि सिंधुदुर्गात साडेआठ लाख. उभ्या स्तंभांखाली ३५ नावं बसवायची तर ती पंचेचाळीस अंशांत कलवावी लागतात, आणि वाचकाला मानही कलवावी लागते. 'एक्सबार' लिहिलं की नावं डावीकडे ओळीने, सरळ. एकच लक्षात ठेवायचं : गणिताच्या रीतीप्रमाणे उभा अक्ष खालून वर मोजला जातो, त्यामुळे यादीतलं पहिलं नाव तळाशी जातं. 'वाय डिर'ला 'रिव्हर्स' सांगितलं की पहिला जिल्हा वर येतो. आणि क्रम वर्णानुक्रमे ठेवण्यापेक्षा लोकसंख्येप्रमाणे ठेवावा; पुणे आणि मुंबई उपनगर यांच्यातला थोडासा फरकही मग शेजारी असल्याने दिसतो.

मराठी अक्षरं, मराठी अंक

देवनागरी टेकमध्ये फार आधी आली. नेदरलंड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठातल्या फ्रान्स फेल्टहाउस यांनी १९९१ साली तिची सोय केली. रोमन अक्षरांत टंकलेला मजकूर आधी एका वेगळ्या प्रोग्रॅममधून गाळून घ्यावा लागे, मग तो टेककडे जाई. आज झीलेटेक किंवा ल्युआलेटेक हे लेटेकचे नवे अवतार वापरले की युनिकोडमधली मराठी थेट टंकता येते. टंक (फॉन्ट) बोलावताना लिपी देवनागरी असल्याचं सांगायला विसरू नये, आणि ल्युआलेटेकमध्ये 'हार्फबझ' हा रेंडरर निवडावा. नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. टंकांचीही आता चणचण नाही. आयआयटी मुंबईने प्रसिद्ध केलेला 'शोभिका' हा टंक मोफत मिळतो; त्यातली देवनागरी राज्य मराठी विकास संस्थेच्या 'यशोमुद्रा'वर आधारलेली आहे.

एवढं झाल्यावरही अक्षाची नावं मराठीत येतात आणि खुणांचे आकडे इंग्रजीच राहतात. मागचं कारण असं की पीजीएफ आकडे गणिताच्या वातावरणात छापतं, आणि तिथे मजकुराचा टंक चालत नाही. गणिताचा वेगळा टंक चालतो. सोपा उपाय हाताने करायचा. उभ्या अक्षावर खुणा शून्य, दोन कोटी, चार कोटी अशा बारा कोटींपर्यंत स्वतः पाडायच्या आणि त्यांची लेबलं ०, २, ४ अशी मराठीत लिहून द्यायची. सात लेबलांचं काम आहे. मग दहाच्या घाताचा प्रश्नही सुटतो आणि अक्षाच्या नावात 'लोकसंख्या (कोटी)' लिहिलं की पुरतं. स्तंभांवरचे आकडेही मराठीत हवेत तर प्रत्येक जोडीपुढे छापायचा मजकूर वेगळा देता येतो.

रंगांबद्दल थोडक्यात. पॅकेज आपणहून निळा, लाल, तपकिरी असे रंग देतं. पडद्यावर ते छान दिसतात. काळ्या-पांढऱ्या छपाईत निळा आणि लाल हे दोन्ही सारखेच करडे होतात, आणि लाल-हिरवा फरक न कळणाऱ्या वाचकांची अडचण रंगीत छपाईतही असते. मासिक किंवा प्रबंधाची झेरॉक्स होणारच, हे गृहीत धरून एक मालिका गडद करडी आणि दुसरी फिकी ठेवावी, किंवा टिक्झच्या 'पॅटर्न्स' लायब्ररीतल्या तिरक्या रेघा, ठिपके वापरावेत. रेघा मात्र एकाच मालिकेला. दोन्हींना दिल्या तर पान डोळ्यांसमोर थरथरतं. दोनच मालिका असतील तर सूचीची पेटी काढून 'शहरी', 'ग्रामीण' ही नावं थेट शेवटच्या स्तंभांशेजारी लिहिली तरी चालतं.

एकदा लिहा, पुस्तकभर वापरा

एवढे निर्णय प्रत्येक आलेखासाठी नव्याने लिहायचे नसतात. पाया शून्यावर, रुंदी इतकी, खुणा आकड्यांवर, टंक अमुक, हे सगळं एका नावाखाली फाइलच्या सुरुवातीला बांधून ठेवता येतं. मग प्रत्येक आलेखाला ते नाव सांगितलं की झालं. पुस्तकातले चाळीस आलेख एका वळणाचे होतात, आणि संपादकाने करडा रंग बदलायला सांगितला तर एकच ओळ बदलावी लागते. तिथेच 'कॉम्पॅट' ही आवृत्ती सांगणारी ओळही लिहावी. पॅकेजचे आपणहून घेतलेले निर्णय आवृत्तीगणिक बदलत आले आहेत. ही ओळ असेल तर नवं पॅकेज जुन्या फाइलसाठी जुनाच निर्णय पाळतं, आणि काही वर्षांनी दुसरी आवृत्ती काढताना चित्र हलत नाही.

याहून मोठा फायदा वाचणाऱ्याला आहे. प्रबंधाच्या मार्गदर्शकाने किंवा मासिकाच्या संपादकाने चित्राबरोबर त्याची फाइलही मागितली, तर त्यांना आकडे दिसतात, गाळलेली वर्षं दिसतात, पाया कुठे ठेवला ते दिसतं. 'वायमिन' शून्य ही ओळ तिथे नसेल, तर अकरा पट उंच स्तंभ पाहून कुणी चकित होण्याआधीच प्रश्न विचारता येतो. स्तंभालेखातल्या उंचीवर विश्वास ठेवायचा की नाही, हे अशा फाइलमध्ये दोन मिनिटांत तपासून होतं.